गावदप्तराचा यांत्रिक उपसा

धामणगाव रेल्वेच्या बाजारात कापूस, तूर वा सोयाबीन घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला सात-बाराचे महत्त्व सांगावे लागत नाही. पीककर्ज असो, विमा असो वा भावाभावांतील वाटणी असो, त्या उताऱ्यावाचून त्याचे पान हलत नाही. एकेकाळी हा उतारा तलाठ्याच्या दप्तरातून हाताने उतरवून मिळे. आज तो महसूल खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतो आणि १५ रुपये भरले की डिजिटल स्वाक्षरीसह हाती पडतो. शेतकऱ्याचे खेटे वाचले, ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु जे दार शेतकऱ्यासाठी उघडले, त्यातून आणखी कोण आत शिरू शकतो, याचा विचार मात्र पुरेसा झालेला नाही.

सरकारी दप्तर जनतेचे आहे, हे तत्त्व नवे नाही. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा, जमीन महसूल संहिता १९६६ ची. करआकारणीची यादी लोकांना पाहू द्यावी, प्रारूप मतदार यादीवर हरकती मागवाव्यात, ही पद्धत जुनीच आहे. पण दप्तर खुले असले तरी ते चाळणे कष्टाचे होते. एका उताऱ्यासाठी एक अर्ज आणि एक खेप पडे. हे कष्टच नकळत राखणदाराचे काम करीत होते. संगणकाने हा राखणदार हटविला. एखादी आज्ञावली एकामागून एक गट क्रमांक विचारीत राहिली, तर साऱ्या तालुक्याचे दप्तर काही दिवसांत उपसून नेता येते, आणि तिच्यामागे कोण आहे हे गावाला कळतही नाही.

विखुरलेली नोंद आणि एकत्र केलेली नोंद यांत मूलभूत फरक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९८९ सालीच ओळखला होता. ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत पडून असलेले कागद आणि त्यांचे एका जागी केलेले संकलन, या दोहोंचा व्यक्तीच्या खाजगीपणावरील परिणाम सारखा नसतो, असे त्या न्यायालयाने मानले.

धामणगाव तालुक्याला हा फरक केवळ पुस्तकी नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. तो २०२५ च्या जूनमध्ये पूर्णपणे खुला झाला. अशा रस्त्यालगतच्या जमिनीवर अनेकांचे डोळे असतात. सात-बाराच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात कर्जाचा बोजा नोंदलेला असतो. मतदार यादीत वय आणि वडिलांचे वा पतीचे नाव असते. कराच्या यादीत घर व थकबाकी असते. या तीन यादी एकत्र जुळल्या की कोणता वृद्ध खातेदार कर्जात अडकला आहे, हे दलालाला घरबसल्या समजते. फोनवरून फसविणाऱ्यालाही बँकेचे नाव आणि गट क्रमांक अचूक सांगता आला, की समोरच्याचा विश्वास सहज बसतो.

कायद्याचा आधार तोकडा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने, कायदेशीर कर्तव्य म्हणून जाहीर केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे ज्या नोंदी कायद्यानेच उघड्या कराव्या लागतात, त्यांनाच हे छत्र नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली विनापरवाना माहिती उतरवून घेणाऱ्याकडून भरपाई मागता येते. पण उपसा झाला हे कळल्याशिवाय मागणार कोण?

याउलट टोकाचा धोकाही तितकाच खरा आहे. संरक्षणाच्या नावाखाली दप्तर नागरिकालाच बंद होऊ शकते. त्याच २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधील जुन्या अटी काढून वैयक्तिक माहितीला सरसकट अपवाद केले. ही दुरुस्ती २०२५ च्या नोव्हेंबरपासून अमलात आली. लोकहित मोठे असल्यास माहिती देण्याची वाट कलम ८(२) ने शिल्लक आहे, तथापि नकाराचे निमित्त शोधणाऱ्या अधिकाऱ्याला आता फारसे शोधावे लागणार नाही. हजेरीपटावरील मयताचे नाव किंवा लाभार्थ्यांच्या यादीतील धनिकाचे नाव ही माहिती वैयक्तिकच असते, आणि भ्रष्टाचार उघड होतो तो तिच्यामुळेच.

निवडणूक आयोगाने २०१८ साली मतदार याद्या संगणकाला शोधता येणार नाहीत अशा चित्ररूपात देण्याचे ठरविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आज यंत्रे चित्रातील अक्षरेही वाचतात. प्रामाणिक कार्यकर्त्याची अडचण मात्र कायम राहिली. कुलूप असे असू नये की जे मालकालाच उघडता येत नाही.

मार्ग मधला आहे. पहिली गोष्ट, जे छापण्याची गरज नाही ते छापू नये. २०१७ साली चार सरकारी संकेतस्थळांवर सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडल्याचे बंगळूरच्या एका संशोधन संस्थेने दाखवून दिले होते. तो धडा प्रत्येक नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतीने गिरवावा. दुसरी गोष्ट, एकेक नोंद पाहणे मोफत व सुलभ असावे, परंतु घाऊक मागणीला मर्यादा असावी आणि कोणी काय पाहिले याची नोंद राहावी. नॉर्वेत नागरिकांच्या कराच्या नोंदी पाहता येतात, पण २०१४ पासून आपली नोंद कोणी पाहिली हे ज्याचे त्याला कळते. तिसरी गोष्ट, संशोधकांना नावे वगळून आकडे द्यावेत, आणि सामाजिक अंकेक्षण करणाऱ्या ग्रामसभेला नावांसह कागद मिळावेत. चौथी गोष्ट, करवसुलीची संगणकव्यवस्था ठेकेदाराकडे असेल तर माहितीची मालकी व जबाबदारी कोणाची, हे करारनाम्यातच लिहिलेले असावे.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. गरज आहे ती मुख्याधिकाऱ्याने आणि नगरसेवकांनी आपले दप्तर एकदा परक्याच्या नजरेने पाहण्याची. वऱ्हाडातील शेतकऱ्याने आपली जमीन सरकारी वहीत नोंदवू दिली ती मालकी सुरक्षित राहावी म्हणून. ती वहीच त्याच्या अडचणींची यादी होऊन बाजारात फिरू लागली, तर त्या नोंदीवरील त्याचा विश्वास टिकणार नाही. आणि विश्वास उडालेल्या दप्तराला कोणतीही डिजिटल स्वाक्षरी वाचवू शकत नाही.