नाच वाईट नाही, डीजे वाईट आहे

‘जयंती नाचून नव्हे, वाचून साजरी करा’ हे वाक्य आपल्याला पाठ आहे. वाचलेच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्याचा अर्थ ‘नाचणेच वाईट’ असा घेतला जातो, तेव्हा परिचारिका म्हणून मी हरकत घेते. वाईट आहेत डीजेची भिंत, दारू आणि एप्रिलचे ऊन. नाच हे बिनपैशाचे औषध आहे.

नाचताना हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू रक्तातली साखर वापरतात. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत होते. ठेक्यावर पाय टाकल्याने तोल सुधारतो. मनावरचा ताण हलका होतो, झोप लागते. अमेरिकेत ७५ वर्षांवरील ४६९ जणांच्या पाहणीत (२००३) वरचेवर नाचणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. एवढ्यावरून नाचामुळेच तो टळला असे सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही.

डीजेचे गणित उलटे आहे. ८५ डेसिबल आवाज कान ८ तास सोसतो. १०० डेसिबल जेमतेम १५ मिनिटे. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आणि हा आवाज पाळण्यातल्या बाळालाही सोसावा लागतो.

खरा प्रश्न आपल्या आया-बहिणींचा आहे. कोपरगावच्या वस्त्यांतल्या बाया ऊस-कांद्याच्या रानात, नाहीतर लोकांच्या धुण्याभांड्यांत राबतात. ‘राबणे हाच व्यायाम’ असे घरचे म्हणतात. पण वाकून केलेल्या कामात कंबर झिजते, मन मोकळे होत नाही. आणि हळदीत घडीभर नाचली, तर ‘या वयात शोभतं का?’ हे ऐकावे लागते. हे बंद झाले पाहिजे.

कोणी अष्टशीलाचा दाखला देतात. उपोसथाला अष्टशील घेणाऱ्याने नाच-गाणे जरूर टाळावे. रोजच्या पंचशीलात मनाई आहे ती नशेची, नाचाची नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. लेझीम घ्या, नाहीतर शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गाणी मोबाईलवर लावा. नाचताना बोलता यावे, इतपतच दम लागू द्या. आधी पाच मिनिटे सावकाश हातपाय हलवा. गुडघे दुखत असतील तर उड्या नकोत, खुर्चीत बसूनही ठेका धरता येतो. हृदयविकार असणाऱ्यांनी, गरोदर बायांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, घेरी आली तर लगेच थांबा, १०८ ला फोन करा.

याला वर्गणी लागत नाही. विहार समित्यांनी रोज संध्याकाळी अर्धा तास सभागृहाची किल्ली महिलांच्या हाती द्यावी, एवढेच मागणे आहे.

जयभीम!