खण केवढा? नजर आणि हात पोहोचेल एवढा!



आमच्या जठारपेठेतल्या घराचं स्वयंपाकघर यंदा नव्याने करायचं ठरलं. जुना ओटा १९९८ सालचा. दारांचं प्लायवुड फुगलं होतं, बिजागऱ्या लोंबत होत्या आणि खालच्या कप्प्यातलं काही काढायचं म्हणजे मला जमिनीवर बसावं लागत होतं. सूनबाई म्हणाली, "आई, आता सगळ्या ट्रॉल्याच करून टाकू. तुमचे गुडघेही वाचतील."

गेलो शोरूममध्ये. त्या मुलाने पाच मिनिटांत संगणकावर नकाशा काढून दाखवला. तीन-तीन फूट रुंदीचे दोन मोठे खण, कोपऱ्यात गोल फिरणारी जाळी, भिंतीला लागून छतापर्यंत उंच कपाट. दिसायला फार सुंदर. त्याने आम्हाला रंग विचारला, हँडल कसं हवं ते विचारलं, बजेट विचारलं. पण तुमच्या घरी माणसं किती, सर्वात मोठा गंज केवढा, कणीक किती दिवसांची दळून ठेवता, हे काही विचारलं नाही. मी घरी येताना सूनबाईला म्हटलं, "रंग तू ठरव. मापं मात्र मी ठरवणार."

माझं मत सरळ आहे. आपल्या घरात खणाचं माप भिंत किती मोकळी आहे यावरून ठरवायचं नाही. जिथपर्यंत आपली नजर जाते आणि हात पोहोचतो, तेवढाच खण करायचा. हे मत मला पुस्तकातून मिळालेलं नाही, जुन्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्याने शिकवलेलं आहे.

आमचा जुना ओटा एल आकाराचा होता. दोन बाजू मिळतात तिथला कोपरा आत दोन फूट खोल, आणि दार एका बाजूला. वाकून खांदा आत घातला तरी बोटं मागच्या भिंतीला लागत नसत. काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वाच्या आधी मी सफाई काढली. त्या कोपऱ्यातून चण्याच्या डाळीचा एक डबा निघाला. कधी ठेवला होता, आठवेना. झाकण पुरतं बसलेलं नव्हतं. उघडलं तर डाळीला जाळी धरलेली, आत किडे वळवळताहेत, आणि डब्यामागे झुरळांची पिल्लं. आमचे हे म्हणाले, "फवारा आणू का?" मी नको म्हटलं. डाळ परातीत घेतली आणि मागच्या आवारात सावलीला नेऊन ठेवली. कोपरा मऊ झाडूने हळूहळू लोटला. अर्धा दिवस गेला.

आपण फवारा मारला नाही, याचं समाधान त्या संध्याकाळी काही वाटेना. प्रतिक्रमणाला बसले, मिच्छा मे दुक्कडं म्हटलं, आणि मनात आलं, या जिवांना तिथे जन्मायला जागा कोणी दिली? मीच ना! डाळ आणली मी, विसरले मी, आणि जिथे दिसणारच नाही असा कोपरा सुताराकडून करून घेतला तोही मीच. गॅसवर पाणी तापवण्याआधी ते गाळून घेणारी मी, पण हिंसेची सोय कपाटातच करून ठेवली होती.

मुनिमहाराजांच्या पाच समित्या आपण सगळ्या जणी जाणतो. त्यातली चौथी आदान-निक्षेपण. कमंडलू असो की शास्त्र, उचलायच्या आधी डोळ्यांनी पाहायचं, पिंछीने जागा हलकेच साफ करायची, मग उचलायचं. ठेवतानाही तसंच. आपण गृहस्थ, आपल्याकडून महाव्रतं होत नाहीत. पण स्वयंपाक करणारी बाई दिवसातून शंभर वेळा काही ना काही उचलते आणि ठेवते. तिच्या कपाटात अंधारच असेल तर ती पाहून कसं उचलणार? म्हणून मला वाटतं, पूर्ण बाहेर येणारा, वरून सगळा दिसणारा खण ही जैन घरासाठी फार चांगली गोष्ट आहे. इथे सूनबाईचं शंभर टक्के बरोबर होतं. दारामागच्या खोल कप्प्यापेक्षा ट्रॉली केव्हाही चांगली. आमचा वाद होता तो ट्रॉलीच्या आकारावर.

मी बी.कॉम. १९८१ ची. अमरावती विद्यापीठ तेव्हा व्हायचं होतं, ते १९८३ मध्ये झालं. आमच्या पदव्या नागपूर विद्यापीठाच्या. नोकरी केली नाही, पण तिथे शिकलेली एक गोष्ट स्वयंपाकघरात रोज कामी येते. जो माल आधी आला, तो आधी बाहेर गेला पाहिजे. खोल कपाटात नेमकं उलटं होतं. नवा डबा पुढे, जुना मागे. आपण पुढचाच वापरत राहतो आणि मागचा किडतो. खणात डबे एकाच थरात ठेवले, झाकणावर आणल्याची तारीख लिहिली, की ही चूक होत नाही.

आता कणकेचं घ्या. आपल्याकडे पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस. आमच्या घरी दिवसाला साधारण एक किलो कणीक लागते. म्हणजे ऐन थंडीतही सात किलोंच्या वर पीठ घरात असायचं कारणच नाही. दहा इंच रुंद, दहा इंच उंच डबा त्याला पुरतो. मग वीस किलोंच्या पिठाची टाकी ओट्याखाली कशाला? ती असली की भरली जाते, आणि भरली की मर्यादा मोडते. डबाच लहान असला तर मर्यादा आपोआप पाळली जाते, रोज तारखा मोजाव्या लागत नाहीत.

माझी भाची आर्किटेक्ट आहे. तिने मला एक गोष्ट सांगितली, ती फार आवडली. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधली जात होती. त्यांची स्वयंपाकघरं मार्गारेट शुटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन बाईंनी आखली. खोली जेमतेम सव्वासहा फूट बाय अकरा फूट. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ती आजीच म्हणायची. त्यात तांदूळ, साखर, डाळी यांच्यासाठी ॲल्युमिनियमचे लहान लहान खण होते. प्रत्येकावर नाव, धरायला मूठ, ओतायला चोच. पिठाचे खण मात्र ओक लाकडाचे, कारण त्यात कीड धरत नाही असा अनुभव. त्या बाईंना अहिंसा व्रत ठाऊक असायचं कारण नाही, पण कीड होऊच नये, हा विचार त्यांनी खण करतानाच केला. आज शोरूममध्ये मात्र मोठा खण हीच प्रतिष्ठा झाली आहे.

तर मग आम्ही काय केलं? एका दुपारी मी टेप घेतला आणि सूनबाईने वही. एकेक भांडं मोजलं. पाच लिटरचा कुकर शिट्टी धरून नऊ इंच. दुधाचा गंज आठ इंच. डाळींचे डबे सात इंच रुंद, आठ इंच उंच. परात अठरा इंच. सराटे, झारे सगळे चार इंचांच्या खणात मावणारे.

बाजारात स्टीलच्या ट्रॉल्या साधारण पंधरा, सतरा, एकोणीस आणि एकवीस इंच रुंदीच्या मिळतात. खोली वीस इंच, उंची चार, सहा किंवा आठ इंच. इथे एक लक्षात ठेवा. आठ इंची म्हणजे ट्रॉलीच्या बाजूची उंची. तिच्यावर दुसऱ्या खणापर्यंत मोकळी जागा किती, ते वेगळं विचारायचं, नाहीतर कुकरची शिट्टी अडते. आणि दोन्ही बाजूंच्या चॅनलला अर्धा-अर्धा इंच जातो, तोही धरायचा.

तीन फुटांच्या खणाचा हिशेबही मी करून दाखवला. आत चार-चार डब्यांच्या दोन रांगा, म्हणजे आठ डबे. एकात चार किलो डाळ. बत्तीस किलो डाळ आणि वर डब्यांचं वजन. साधं चॅनल तीस-पस्तीस किलोंचं असतं. शिवाय डब्यांच्या मागे चार-पाच इंच जागा उरते, तिथे काहीबाही पडत राहणार. म्हणून तीन फुटांच्या एका खणाऐवजी सतरा इंचांचे दोन घेतले. परातीसाठी, ताटांसाठी आणि पोळपाटासाठी सहा इंचांची उभी फट ठेवली. महाराजांच्या आहाराच्या वेळी चौक्याला लागणारी भांडी वेगळ्या खणात. पाणी गाळायचं वस्त्र कोणत्याच खणात नाही. ओलं वस्त्र बंद जागेत कोंबायचं नसतं, त्याला सिंकजवळ दांडी.

आणि तो कोपरा? तिथे खाली कपाटच केलं नाही. मोकळी फरशी, वर स्टुलावर पाण्याचा गुंड. झाडू थेट भिंतीपर्यंत जातो. बाकीची कपाटं चार इंचांच्या पायांवर, आणि पुढची पट्टी क्लिपने निघते. ती आठवड्यातून एकदा काढून खाली लोटता येतं. लाकूड ओलाव्यात न फुगणारं, बीडब्ल्यूपी प्लायवुड घेतलं, म्हणजे फटी पडून कीटकांना घर मिळत नाही.

सूनबाईने एक मुद्दा बरोबर काढला. "आई, लहान खण म्हणजे संख्या जास्त, चॅनल जास्त, खर्च जास्त." खरं आहे. पण छतापर्यंतचं उंच कपाट आम्ही वगळलं, त्यात तो खर्च निघाला. ते कपाट हवं कशाला, हे विचारायला बसलो तेव्हा कळलं की त्यात ठेवायचं ते सगळं न लागणारंच होतं. माझ्या सासूबाईंच्या काळी वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरावंच लागे. आज अकोल्यात डाळ मिल गावातच, किराणा दारात येतो. वर्षाचा गहू आम्ही अजूनही भरतो, पण तो कोठीत, ऊन देऊन, एरंडेल लावून. डाळी मात्र महिन्याभराच्या.

बाह्य परिग्रहाचे जे दहा प्रकार आपण शिकलो, त्यात सोनं-चांदी आणि जमीन यांच्याबरोबर धान्य आहे, आणि भांडीही आहेत. आपण परिमाण करताना तोळे मोजतो, वाट्या कोण मोजतं? मी मोजल्या. पाच माणसांच्या घरात एकाहत्तर निघाल्या! चाळीस मंदिरातल्या भोजनासाठी दिल्या. एकोणीस इंचांचा एक खण त्यामुळे कमी झाला.

सूनबाईला तिच्या मिक्सरसाठी आणि मुलांच्या डब्यांसाठी एकवीस इंचांचा एक मोठा खण हवा होता, तो तिला दिला. तिचीही नजर तिथपर्यंत पोहोचते, मग माझी हरकत काय?

काम मागच्या महिन्यात संपलं. तुमच्यापैकी कोणाकडे ओट्याचं काम निघालं असेल तर शोरूमला जाण्याआधी एक दुपार काढा. वही आणि टेप घ्या, भांडी मोजा, आणि नको असलेली आधी बाहेर काढा. मग नकाशा बघायला जा.

जय जिनेंद्र.