द्राक्षबागायतदाराची ग्रीसवारी नेमकी कुठे अडते?

कवठे महांकाळच्या द्राक्षबागायतदाराला ग्रीसची बेटं पाहायची असतील, तर पैशाआधी छाटणी आडवी येते. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, त्यानंतर बेदाणा तयार होईपर्यंत बाग सोडता येत नाही. उरतो पावसाळा. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे कडक ऊन, शिवाय एजियन समुद्रावर ‘मेल्टेमी’ वारे. ते वाढले की फेरीबोटी थांबतात. त्यामुळे सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा. सँटोरिनीत वाऱ्यामुळे वेल मांडवावर न चढवता जमिनीलगत टोपलीसारखे वळवतात. ते बागायतदाराने पाहावंच.

खरी अडचण कागदांची. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेकांनी विवरणपत्र भरलेलंच नसतं. शेंगेन व्हिसाला मात्र खर्चाची ऐपत आणि परत येण्याचं कारण दाखवावं लागतं. सातबारा आणि बेदाणा सौद्याच्या पट्ट्या जोडता येतात, पण त्या रकमा बँक खात्यात दिसल्या तरच वजन पडतं. अर्जाच्या तोंडावर भरलेली मोठी रोकड उलट शंका वाढवते. व्हिसा नाकारला तरी ९० युरो शुल्क परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमाही लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे सप्टेंबरच्या सहलीसाठी बेदाण्याचे पैसे मार्चपासूनच खात्यातून फिरलेले बरे.