हाशिमने रंगवलेला मलिक अंबर

वर्गात मलिक अंबरचा विषय निघाला, तेव्हा एका मुलाने घरून छापून आणलेले चित्र पुढे केले. भाल्याच्या टोकावर अंबरचे मुंडके, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्याच्यावर बाण सोडणारा बादशहा जहांगीर. "सर, अंबरला असं मारलं का?"

नाही मारले. दरबारी चित्रकार अबुल हसनने ते १६१६ च्या सुमारास काढले, तेव्हा अंबर हयात होता. त्यानंतर आठ वर्षांनी आपल्या नगरजवळच्या भातोडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला धूळ चारली. १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्याचा इंतकाल झाला. खुलताबादला त्याचा मकबरा आहे. बादशहाला रणात जमले नाही, ते त्याने कागदावर करून घेतले. चित्रावरच्या फारसी ओळींत अंबरच्या काळ्या रंगालाही टोमणा आहे. हबशी मुलगा, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि त्याच्यापुढे दिल्लीची फौज हतबल. हे सलत असणारच.

पण त्याच मोगल दरबारात हाशिम नावाचा दुसरा चित्रकार होता. दख्खनच्या माणसांची चित्रे ही त्याची खासियत. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह त्याने रंगवला आणि १६२० च्या सुमारास अंबरही. हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढरा जामा, हातात लांब तलवार, एका बाजूने दिसणारा वयस्क, भारदस्त चेहरा. रंग काळाच आहे, हाशिमने तो उजळवला नाही आणि त्याची टिंगलही केली नाही. शत्रूच्या पगारावर असलेल्या माणसाने हे केले, याचे मला फार वाटते. दख्खनच्या मोहिमांत अंबरशी लढलेल्या अब्दुर्रहीम खानखानाचेही चित्र हाशिमने काढले आहे.

(तसबिरी भिंतीवर लावाव्यात की नाही, हा आपल्या घरांतला जुना वाद, आज त्यात शिरत नाही.)

दुसऱ्या दिवशी मी हाशिमचे चित्र नेले आणि दोन्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लावली. मुले बराच वेळ बघत राहिली. मग चित्र आणणाऱ्या त्या मुलाने आपले चित्र काढून घेतले. मी त्याला ते परत लावायला सांगितले. दोन्ही चित्रे अजून तिथेच आहेत.