हाताने धरलेला पंख

१९१० साली जर्मन शास्त्रज्ञ ऑटो येकेल यांच्यासमोर एका पुरातन सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा होता. त्याच्या अंगावर बारीक, लांबलचक हाडांच्या काड्या पसरल्या होत्या. सरड्यासारख्या प्राण्याला अशा काड्या कशा असतील? शेजारी मेलेल्या एखाद्या माशाच्या परातल्या त्या असणार, असं येकेल यांनी धरलं आणि दगड साफ करताना बऱ्याचशा काढून टाकल्या. तो पंख होता. साडेपंचवीस कोटी वर्षांहून जुना, पक्ष्यांच्याच नव्हे तर डायनोसॉरांच्याही आधीचा.

हा प्राणी म्हणजे व्हायगेल्टिसॉरस. मादागास्करमध्ये सापडलेला सीलुरोसॉरॅव्हस हा त्याचा नातलग. १९७८ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरोल यांनी हे प्राणी झाडावरून झेप घेऊन हवेतून तरंगत जात, असं मांडलं. पण काड्यांना त्यांनी फासळ्या मानलं. आजच्या उडत्या सरड्याचा पंख लांबलेल्या फासळ्यांवरच ताणलेला असतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. १९९७ मध्ये फ्राय, स्यूस आणि मुंक या तिघा संशोधकांनी जर्मनीतल्या कार्ल्सरूच्या संग्रहालयातला नमुना बारकाईने तपासला. काड्या वीसहून अधिक, फासळ्यांशी त्यांचा मेळ बसेना आणि सांधाही दिसेना. फासळ्या जागच्या जागी शाबूत होत्या. काड्या वेगळ्याच, पंखासाठीच घडलेल्या.

माझं मन अडकतं ते व्हायगेल्टिसॉरसच्या कुळात, कारण त्यांच्या उड्डाणाचा एक धागा थेट आपल्या सह्याद्रीत येतो.

पंखाला आकार आला, पण तो हवेत सांभाळायचा कसा? २०१७ मध्ये संशोधक माक्सिमिलियान डेलिंग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे परिसरात पाहिलेल्या उडत्या सरड्यांबद्दल लिहिलं. सरडा खोडावरून झेपावतो, पंख उघडतात, आणि पुढचे दोन्ही हात मागे वळून पंखाची पुढची कड पकडतात. मनगट वाकवून धरलेली ती कड तो उतरण्याच्या अगदी आधीपर्यंत सोडत नाही. खोड जवळ आलं की हात सुटतात आणि साल पकडतात. हा सरडा लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिला होता, त्याचे हात मात्र कुणी नीट पाहिले नव्हते. २०२२ मध्ये सीलुरोसॉरॅव्हसचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा तोही लांब बोटांनी पंखाची कड धरत असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी मांडला.

म्हणून माझं मत ठाम आहे: पुराजीवशास्त्राची अर्धी प्रयोगशाळा जंगलात असते. दगडातलं हाड सांधा दाखवतं, सवय दाखवत नाही. सवय जिवंत प्राण्यात बघावी लागते, आणि त्यासाठी तो प्राणी आणि त्याची झाडं शिल्लक असावी लागतात. आपल्याकडे संग्रहालयातल्या नमुन्यांनाही पुरेसा निधी मिळत नाही आणि मुंग्या खाणाऱ्या वीतभर सरड्यालाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोव्यातल्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, पोफळीच्या खोडांवर हा सरडा आजही दिसतो. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या बुंध्याकडे तो तरंगतो, मग पुन्हा वर चढतो. ज्यांची कुळागरं आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे: मधली जुनी झाडं तोडू नका, आणि सरडा झेपावला की मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करून त्याचे हात बघा.