अश्वशक्तीची हौस आणि हवेची लूट

मोटार ज्याची त्याची असते. तिच्या नळीतून निघणारा धूर ज्या हवेत मिसळतो ती हवा मात्र सर्वांची असते. या साध्या सत्याचा विसर पडल्यामुळेच अमेरिकेत गेली कित्येक वर्षे एक वाद धुमसत आहे. वेगवान मोटारींचे तेथील काही शौकीन इंजिनाचा धूर शुद्ध करणारी साधने काढून फेकतात, आणि सरकारने हटकले की स्वातंत्र्यावर घाला पडल्याची हाकाटी करतात.

ही साधने सरकारी लहरीतून जन्मलेली नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये डोळ्यांची आग करणारे धुरके मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवून दिले. १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि १९७५च्या मोटारींवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. या डब्यातील प्लॅटिनमसारखे धातू प्राणघातक कार्बन मोनॉक्साइडचे व न जळलेल्या इंधनाचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेत करतात. पुढील सुधारित डबे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचाही बंदोबस्त करू लागले.

आरंभी शौकिनांच्या तक्रारीत तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. १९७५ची साधी कॉर्व्हेट ५.७ लिटरच्या अवाढव्य इंजिनातून अवघी १६५ अश्वशक्ती देत होती. पण २०२३च्या कॉर्व्हेट झेड-०६ने ५.५ लिटरमधून, आणि तेही धूरशुद्धीची सर्व साधने अंगावर बाळगून, ६७० अश्वशक्ती काढली! इंजिनिअरांनी अडचणीवर मात केली. हौशी मंडळी मात्र जुनेच रडगाणे गात आहेत. आता डबा काढून मिळते काय? थोडीशी अधिक शक्ती आणि पुष्कळसा अधिक गोंगाट!

शर्यतीची सबब तर याहून लंगडी आहे. केवळ शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्यांविषयी कोणाचीच तक्रार नाही. परंतु रविवारी शर्यतीत धावलेली मोटार सोमवारी मालकाला घेऊन कचेरीत जात असेल, तर तिला शर्यतीची गाडी कसे म्हणावे? या प्रश्नावर तेथील पर्यावरण खात्याने २०१५ साली कडक शब्दांत नियम सुचवला. ओरड होताच २०१६ साली तो मागे घेतला. या ढिलाईची किंमत लहान नाही. डिझेलवर चालणाऱ्या पिकअप ट्रकांपुरता हिशेब त्याच खात्याने २०२० साली मांडला. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक गाड्यांची साधने निकामी करण्यात आली होती. त्यांच्या आयुष्यभरात नायट्रोजन ऑक्साइडांची ५ लाख ७० हजार टनांहून अधिक जादा भर हवेत पडणार होती. एकेकट्याची हौस मिळून केवढे संकट उभे करते, याचा हा पुरावा होय.

हा परक्यांचा तमाशा म्हणून मुंबईकरांनी हसू नये. नव्या पेट्रोल मोटारींना १९९५पासून हाच डबा येथेही सक्तीचा झाला, आणि मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मनाई आहे. तरीही मध्यरात्री रिकाम्या रस्त्यावरून कानठळ्या बसवीत जाणारी एखादी मोटार कायद्याच्या दुबळेपणाची ग्वाही देतेच. पीयूसीचा कागद खिशात असला म्हणजे नागरिकत्वाचे कर्तव्य संपत नाही. ज्याला वेग हवा त्याने तो जरूर घ्यावा. त्याचे मोल मात्र पदपथावरून चालणाऱ्या मुलाच्या फुप्फुसांतून वसूल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.