सर्व्हर बंद असेल तर मुदतही थांबवा!



नांदेड असो की लातूर, ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की महा ई-सेवा केंद्रासमोर तेच चित्र दिसतं. आधी साइट उघडेना. उघडली तर ओटीपी येईना. ओटीपी आला तर सातबाऱ्याची पीडीएफ "साइज जास्त आहे" म्हणून परत. साइज कमी करावी तर अक्षर दिसेना, म्हणून अर्ज त्रुटीत. एवढं सगळं जमलं तरी शेवटच्या बटणावर चकरी गोल गोल फिरत राहते आणि रात्रीचे बारा वाजतात. सकाळी उत्तर ठरलेलं : मुदत संपली.

माझा प्रश्न सरळ आहे. बिघाड सरकारच्या यंत्रणेचा, मग शिक्षा अर्जदाराला का?

काही शहाणे म्हणतील, "शेवटच्या दिवसापर्यंत झोपले होते का?" अहो, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, फेरफार हे सगळं त्याच सरकारी कचेरीतून मिळतं, आणि कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं. शिवाय शेवटचा दिवस हाही मुदतीतलाच दिवस असतो.

आता कायदा बघा. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 10 सांगतं की, मुदतीच्या शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर ती उघडेल त्या दिवशी केलेलं काम मुदतीतलंच धरायचं. हे शहाणपण इंग्रजांच्या काळात होतं! तहसीलच्या दाराला कुलूप असणं आणि सर्व्हर डाऊन असणं यात फरक काय? कुलूप निदान डोळ्यांना दिसतं, एवढाच.

दुसरी गंमत ऐका. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 9 नुसार, "माझा कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच घ्या" असा हट्ट नागरिकाला सरकारकडे धरता येत नाही. सरकार मात्र खुशाल म्हणतं, ऑनलाइनच भरा, कागद घेणार नाही!

आणि लोकसेवा हक्क कायदा? 2015 च्या या कायद्यात काम वेळेत न करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. पण त्याची मुदत अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. अर्ज अपलोडच झाला नाही तर सरकारच्या लेखी तो जन्मालाच आला नाही. मग उशीर कुणाचा आणि दंड कुणाला?

"सिस्टीममध्ये बदल करता येत नाही" हे उत्तर तर ऐकूनच घेऊ नका. 2020 चा डिसेंबर आठवा. राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींची निवडणूक होती. त्यात आपल्या नांदेडमधल्या हजारावर आणि लातूरमधल्या चारशेवर ग्रामपंचायती होत्या. उमेदवारी अर्ज ऑनलाइन भरायचे होते. साइट रखडली, गावोगावचे उमेदवार रात्र रात्र केंद्रावर बसले. ओरड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगानं कागदी अर्ज घ्यायला परवानगी दिली आणि 30 डिसेंबरची वेळ संध्याकाळी साडेपाचपर्यंत वाढवली. म्हणजे करायचं म्हटलं की होतं! पुढाऱ्यांची अडचण झाली की मार्ग निघतो. मग किनवटच्या शेतकऱ्याची किंवा जळकोटच्या विद्यार्थ्याची अडचण झाल्यावर का निघत नाही?

एक रुपयात पीकविम्याच्या वर्षांतही हेच झालं. अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात गेलं की 72 तासांत ॲपवर किंवा टोल-फ्री नंबरवर कळवायचं. ज्या पावसानं पीक नेलं, त्यानंच लाइट आणि रेंजही नेली. घड्याळ मात्र चालूच!

म्हणून तीनच मागण्या आहेत :

1. साइट जेवढे तास बंद, तेवढी मुदत आपोआप वाढावी. मंत्र्यांच्या घोषणेची वाट बघायला लागू नये.
2. साइट बंद असेल त्या दिवशी तहसील आणि तालुका कार्यालयांनी कागदी अर्ज घेऊन पोच द्यावी.
3. साइट कधी आणि किती वेळ बंद होती याची नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी.

तोपर्यंत आपण एवढं करू. अर्ज अडला की तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनचा फोटो काढा. त्याच दिवशी कागदी अर्ज देऊन पोच घ्या. घेतच नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुरावा नसला की आपलं म्हणणं हवेत जातं.

पटलं तर आपल्या आमदाराला टॅग करून पुढं पाठवा. आणि तुमचा अर्ज कुठं, कशामुळं अडकला ते खाली तारखेसह लिहा. सगळ्या नोंदी एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊ.